जमीन वाजत नाही तेव्हा

आमच्या बैठकीच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या दोन खंडांमधल्या फटीत, औषधाची एक रिकामी बाटली ठेवलेली आहे. रिकामी म्हणजे औषध संपलेली. तिच्यात पाणी आहे आणि पाण्याच्या तळाशी सोन्याचे अकरा तुकडे आहेत. सर्वांत मोठा हरभऱ्याच्या डाळीएवढा, सर्वांत लहान मोहरीहून बारीक. सगळ्यांचे मिळून वजन सात ग्रॅमच्या थोडे वर भरते. जुन्या मापाचा तोळा पुरा व्हायला साडेचार ग्रॅम कमी. ही आमची आठ वर्षांची कमाई.

घरी आलेले पाहुणे ती बाटली हलवून पाहतात, उजेडाकडे धरतात, आणि मग पहिला प्रश्न विचारतात तो सोन्याबद्दल नसतो. "यंत्र केवढ्याला पडलं?" असे ते विचारतात. त्या आकड्यात बाजारातून किती तोळे आले असते हा हिशेब आम्हांलाही येतो. म्हणून आम्ही चहा ठेवायला उठतो. छंदाचा हिशेब मांडू नये, एवढे आम्हांला पूर्वीच कळले होते. पण या छंदाने पुढे एक असा हिशेब आमच्यासमोर आणून ठेवला की जो मांडल्यावाचून राहता येईना. तो सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

आम्ही दोघे, पती-पत्नी, २००४ पासून मेलबर्नमध्ये राहतो. २०१६ साली नाना गेले. आमच्यापैकी एकाचे ते वडील आणि दुसरीचे सासरे. आम्ही दोघेही त्यांना नानाच म्हणत असू. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही फारसे कोठे जात नव्हतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. बॅलरटकडचे, बोलायला थोडे तुटक. एका शनिवारी पहाटे ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, गाडीत दोन जागा आहेत, उबदार कपडे घाला. कोठे जायचे ते त्यांनी सांगितले नाही. तीन तासांनी आम्ही मोलिआगुल नावाच्या गावाबाहेरील रानात उभे होतो आणि आमच्या कानांवर हेडफोन होते.

व्हिक्टोरिया राज्याच्या मध्यभागी बॅलरट, बेंडिगो, डनॉली, वेडरबर्न अशा गावांच्या भोवतालच्या मुलुखाला तेथील लोक सोन्याचा त्रिकोण म्हणतात. १८५१ साली या राज्यात सोने सापडल्याची बातमी फुटली आणि जगभरातून माणसे लोटली. खोदणाऱ्याकडून दरमहा परवान्याचे पैसे वसूल करीत, सोने सापडो वा न सापडो. त्या जुलमातून ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरटच्या युरेका टेकडीवर खाणकामगार आणि सरकारी शिपाई यांच्यात रक्तपात झाला. पुढच्या वर्षी मासिक परवाना रद्द होऊन त्याच्या जागी वर्षाला एक पौंड शुल्काचा 'मायनर्स राइट' आला. त्याच्या जोडीला मताचा हक्कही आला. आजही व्हिक्टोरियात हौसेने सोने शोधणाऱ्याला याच नावाचा कागद काढावा लागतो. तो दहा वर्षे चालतो, आणि त्यावर हातातल्या साधनांनी सापडलेले सोने शोधणाऱ्याचे होते. बंडातून जन्मलेला कागद आता शनिवार-रविवारच्या सहलीचा झाला आहे. आमच्या पाकिटात तो मतदानाच्या ओळखपत्राशेजारी असतो, हा योगायोग आम्हांला आवडतो.

मोलिआगुलच्या ज्या ओहळात आम्ही पहिल्या दिवशी गेलो त्याच्या आसपासच ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघा कॉर्निश खाणकऱ्यांना एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली अवघ्या इंचभर खोलीवर, सोन्याचा एक गोटा लागला. 'वेलकम स्ट्रेंजर' या नावाने तो प्रसिद्ध आहे. शुद्ध सोने सुमारे ७१ किलो. डनॉलीच्या पेढीतला तराजू त्याला पुरेना, म्हणून तो लोहाराच्या ऐरणीवर तोडावा लागला. मनुष्याने पाहिलेला सर्वांत मोठा गोटा वजन करण्यासाठी फोडला गेला, ही गोष्ट आम्ही वाङ्मयाच्या वर्गात सांगण्याजोगी मानतो. अखंड कृती हाताळता येईना म्हणून तिचे तुकडे करून प्रत्येकाचे वजन नोंदवायचे, हे आपल्या अभ्यासक्रमांना अपरिचित नाही. असो.

मोठ्या गोट्याच्या आशेने येथे कोणी येत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २६ सप्टेंबर १९८० रोजी किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांना साध्या धातुशोधक यंत्राने २७ किलोंचा गोटा सापडला, आणि तो पुढे लास व्हेगासच्या एका कॅसिनोने विकत घेतला. पण रानात जो नेमाने येतो तो गोट्यासाठी येत नसावा. आम्हांला भेटलेले बहुतेक लोक निवृत्त, एकटे, विधुर, पाठीचे दुखणे असलेले. काळ्या खरबरीत सालीची आयर्नबार्कची झाडे, ऑगस्टमध्ये पिवळ्या फुलांनी लगडलेली वॉटल, पायाखाली पांढरी गारगोटी आणि तांबडा मुरूम. जागोजाग दीडशे वर्षांपूर्वीचे उघडे खड्डे आणि त्यांच्या तोंडाशी उपसलेल्या मातीचे ढीग. ही भूमी ज्यांची, ते जाजा वुरुंग लोक तिला उलटी केलेली भूमी म्हणतात. २०१३ साली राज्य सरकारने त्यांच्याशी करार करून त्यांना येथील मूळ धनी म्हणून मान्यता दिली. आतले बाहेर आणि वरचे खाली झालेली ती जमीन पाहिली की ते नाव किती शब्दशः खरे आहे हे कळते. म्हणून खणलेला प्रत्येक खड्डा आम्ही बुजवतो. कायद्यानेही ते बंधनकारक आहे. पण कायदा नसता तरी ते करावेसे वाटले असते.

याच मॅल्डन-बॅलरटच्या परिसरातून एक मोठी कादंबरी निघाली आहे. हेन्री हँडल रिचर्डसन हे पुरुषी टोपणनाव घेतलेल्या लेखिकेची 'द फॉर्च्यून्स ऑफ रिचर्ड महोनी' (तीन भाग, १९१७ ते १९२९). लेखिकेची आई मॅल्डनला पोस्टमास्तरीण होती. कादंबरीच्या प्रारंभीच एक तरुण खणतीकरी मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडला जातो. आम्ही ती प्रथम वाचली तेव्हा ते दृश्य आम्हांला प्रतीक वाटले. रानात उघड्या खड्ड्यांच्या काठाने चालताना ते वार्तांकन वाटू लागले. आणि नंतर, जे पुढे सांगायचे आहे त्यानंतर, ते पान आम्ही पुन्हा उघडलेले नाही.

आता यंत्राविषयी थोडे. वाचकांपैकी बहुतेकांनी धातुशोधक पाहिला असेल तो विमानतळावर किंवा देवळाच्या दाराशी. सोन्यासाठीच्या यंत्राची जात निराळी. दांड्याच्या टोकाला एक चपटे वेटोळे असते. त्यातून विजेचे ठोके जमिनीत सोडतात आणि ठोका बंद होताच यंत्र ऐकू लागते. खाली धातू असेल तर त्याच्या अंगात क्षणभर भोवऱ्यासारखा प्रवाह उठतो आणि विरत जातो; त्या विरण्याचा मागोवा म्हणजे आपल्या कानातला आवाज. अडचण अशी की येथल्या तांबड्या मातीत लोहाची संयुगे ठासून भरलेली, त्यामुळे मातीच बोलू लागते. माती काय बोलते ते आधी ओळखून वजा करायचे आणि मग उरलेले ऐकायचे, हे ज्या यंत्रांना चांगले साधले ती ऑस्ट्रेलियातच, ॲडलेडमध्ये, घडली. आमचे जुने यंत्र त्यांपैकीच.

कानात सतत एक बारीक गुणगुण चालू ठेवावी लागते. पूर्ण शांतता ठेवली तर खोलवरची खूण निसटते. शोधणारा गुणगुण ऐकत नाही, गुणगुणीतला बदल ऐकतो. वरच्या थरातला खिळा किंचाळतो. पण हातभर खोल असलेला सोन्याचा तुकडा नुसता आवाजाला एक हलकीशी मुरड घालतो, गाणाऱ्याचा श्वास अडखळावा तशी. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा विचार करताना घंटेच्या अनुरणनाचा दाखला घेतला, तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ आम्हांला मोलिआगुलच्या रानात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कॉइल फिरवताना कळला, असे म्हटले तर विद्यार्थी मित्र हसतील. हसोत. टोल ऐकून जो वळतो त्याला अनुरणन ऐकू येत नाही, हे खरे.

मात्र या यंत्राचे एक अपंगत्व आहे. सोने आणि शिसे त्याला सारखेच वाटतात. बंदुकीच्या छऱ्याचा आवाज आणि तितक्याच आकाराच्या सोन्याच्या कणाचा आवाज यांत आमच्या गुरूलाही फरक करता येत नसे. चकाकते ते सारे सोने नसते असे आपण म्हणतो. येथे वाजते तेही नसते. आमच्या नोंदवहीप्रमाणे पहिल्या वर्षी आम्ही चारशेहून अधिक छरे, गोळ्या, खिळे आणि बाटल्यांची बुचे खणून काढली, आणि सोन्याचा एकच कण. तो निघाला तेव्हा आम्ही नाचलो वगैरे नाही. तळहातावरचा तो पिवळा ठिपका पाहताना दोघांच्याही मनात एकच माणूस होता, आणि त्याचे नाव आम्ही घेतले नाही.

ते नाव म्हणजे धाकटे काका.

नानांचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर आणि भोवतालच्या गावांतली दगडमातीची घरे बसली. आमचे तीन खणी घरही बसले. माणसे वाचली. आजोबा चार वर्षांपूर्वीच गेलेले. आजीने तेव्हापासून हातातल्या सोन्याच्या दोन पाटल्या एका फडक्यात बांधून देवघरामागच्या कोनाड्यात ठेवल्या होत्या, थोरल्या सुनेसाठी. नानांचे लग्न पुढच्या वर्षी व्हायचे होते. भूकंपानंतर त्याच दुपारी एकोणीस वर्षांचे धाकटे काका ढिगाऱ्याच्या फटीतून आत शिरले आणि जे हाताला लागले ते बाहेर काढले: देवांचे तबक, हंडा, कागदांची पेटी, पायलीभर भात. पाटल्या निघाल्या नाहीत.

नाना मुंबईहून तिसऱ्या दिवशी पोहोचले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आत कोण कोण गेलं होतं?"

एवढेच. त्यापुढे त्यांनी कधी काही विचारल्याचे कोणाला आठवत नाही. आठ महिन्यांनी काकांनी म्हैस घेतली. पैसे उसनवारीचे होते असे ते सांगत. नानांनी ऐकून घेतले. १९७४ साली वाटण्या झाल्या. नाना गावी जात, आईच्या पाया पडत, भावाशी शेताबद्दल बोलत. पण त्यांच्या घरी जेवत नसत. आजीच्या ट्रंकेत नानांची पत्रे आहेत. सगळी आम्ही वाचली. शेवटी 'लहानांस आशीर्वाद' असते, पण धाकट्याचे नाव एकाही पत्रात नाही. आधीच्या, १९६७ पूर्वीच्या पत्रांत आहे. वाङ्मयाचा विद्यार्थी संहितेतल्या गाळलेल्या जागा वाचायला शिकतो ते परीक्षेसाठी. आमच्यापैकी एकाला ते घरातच शिकायला मिळाले होते. आजी १९८१ मध्ये गेली. तिचे मत काय होते, ते तिने सांगितले नाही.

नाना गेले तेव्हा काका तेराव्याला आले आणि पंगतीत वाढायला उभे राहिले. जेवायला बसले नाहीत. "आधी पाहुण्यांचं होऊ दे," म्हणाले.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही नेहमीप्रमाणे फोन केला. आमच्या छंदाची बातमी एव्हाना गावात पोहोचली होती, अर्थात वाढत वाढत; आम्ही ऑस्ट्रेलियात खाण घेतली इथपर्यंत. काकांनी सगळ्यांची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते यंत्र एकदा इकडं आणशील का? जुन्या घराच्या जोत्यावर फिरवून बघू."

त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही. आपल्याकडे समजूत आहे की पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते. काकांच्या मनात आम्ही असे पायाळू झालो होतो. आणि आम्हांला यंत्राची खोडी ठाऊक होती. यंत्र 'आहे' असे सांगू शकते. 'नाही' असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. न वाजणारी जमीन म्हणजे सोने नसलेली जमीन नव्हे: ते खोल असेल, मातीच्या गोंगाटात बुडाले असेल, आपण वीतभर अंतरावरून गेलो असू. पाटली वाजली तर पंचावन्न वर्षांचा संशय एका क्षणात संपेल. नाही वाजली तर गावाला एवढेच कळेल की परदेशातून यंत्र आणले आणि तरीही काही निघाले नाही. म्हणजे आज जो नुसता संशय आहे त्याला आम्ही पुरावा पुरवू.

या यंत्राच्या इतिहासाच्या आरंभीच अशी एक गोष्ट आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने घाईने एक विद्युत्-यंत्र तयार केले. ते चालत होते. तरी गोळी सापडली नाही. एक तर बिछान्यात लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्या यंत्राला बोलू देईनात. दुसरे म्हणजे मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध उजव्या बाजूलाच झाला. सप्टेंबरात अध्यक्ष गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. जेथे असेल असे आधीच ठरवले आहे तेथेच शोधणारा माणूस आणि नाना, यांत काय फरक होता? आणि आम्ही, जे नानांच्या पाठीमागून गप्प राहिलो?

तरीही आम्ही गेलो, ते काकांनी मागितले म्हणून. आमचे यंत्र मेलबर्नलाच ठेवले. पुण्यात एकाकडून साधे यंत्र भाड्याने मिळाले. भारतात हा छंद जवळजवळ नाहीच. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे: दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही पुरलेले सापडले तर कलेक्टरला कळवायचे. घरच्या वस्तूचा, माहीत असलेल्या धन्याचा शोध ही गोष्ट निराळी; तरी आम्ही पोलीस पाटलांच्या कानावर घालूनच काम सुरू केले. येथे धुळीतून सोने शोधणारे वेगळे असतात. सोनारांच्या आळीतली राख आणि केर धुऊन सोने काढणारे झारेकरी. व्हिक्टोरियातही गोऱ्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन चिनी मजुरांनी सोने काढले. त्यांना तेथील बंदरात उतरताना माणशी दहा पौंड कर पडे, म्हणून ते शेजारच्या राज्यात उतरून शेकडो मैल चालत आले. दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेले शोधायला चिकाटी लागते, आणि बहुधा गरज लागते. आमच्याकडे तोवर फक्त हौस होती.

जानेवारी २०२४. भात निघून गेलेले, गवत वाळलेले. जुन्या घराचे जोते तेवढे उरले आहे, त्यावर घाणेरीची झुडपे. काका आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. वय ७६, कानाला थोडे कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी हेडफोन काढायला लावले आणि आवाज मोकळा सोडायला सांगितला. म्हणजे जे वाजेल ते सर्वांना ऐकू येणार. गावातली पंधरा-वीस माणसेही जमली होती.

काळा दगड, जांभ्याची माती. यंत्र सारखे कुरकुरत होते. दोन दिवसांत निघाले ते असे: बिजागऱ्या, खिळे, बैलाच्या पायाच्या पत्र्या, पितळी कडी, १९६० च्या दशकातले एक नाणे, अडकित्त्याचे एक पाते, टॉर्चचा सेल. प्रत्येक वेळी आवाज आला की काका खुर्चीत पुढे सरकत. प्रत्येक वेळी माती चाळून वस्तू त्यांच्या हातात देत होतो. अडकित्त्याचे पाते त्यांनी ओळखले. "आईचा," म्हणाले आणि खिशात घातले.

देवघराच्या जागी आम्ही वीत-वीत जमीन तीनदा फिरलो. अखंड कडे या यंत्रात फार स्पष्ट वाजते. पूर्ण वर्तुळात प्रवाहाला फिरायला वाट मिळते. तेच कडे तुटलेले असेल तर त्याचा आवाज कितीतरी क्षीण होतो. सोने तेच, वजन तेच. जोड सुटला की बोलणे जाते. भिंतीचा दगड पाटल्यांवर पडून त्या चेचल्या असतील, तुटल्या असतील, तर कदाचित आमच्या पायांखालीच त्या मुक्या पडलेल्या असतील. हे आम्ही जमलेल्या लोकांना समजावून सांगितले. लोकांनी माना हलवल्या. पटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर आम्ही यंत्र बंद केले आणि ठरवल्याप्रमाणे काकांच्या पाया पडलो. त्यांना सांगितले की नानांनी जे मनात धरले ते चुकीचे होते; आम्हांला कसलाही पुरावा नको; घराच्या वतीने आम्ही तुमची क्षमा मागतो. हे वाक्य आम्ही मेलबर्नपासून मनात घोळवत आलो होतो. रघुवंशातला कौत्स कुबेराने पाडलेल्या सुवर्णराशीतून गुरुदक्षिणेपुरतेच घेतो, अधिक नको म्हणतो. पुराव्यावाचून विश्वास ठेवणे हे आम्हांला तसेच काही उदार वाटत होते.

काकांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "क्षमा कसली मागता? मी काय चोरलंय, म्हणून तुम्ही मला सोडताय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. पुरावा नको म्हणणे ही आमची सोय होती. त्यांना आमचा विश्वास नको होता. त्यांना तो आवाज हवा होता, चारचौघांत, जोत्यावर, मोकळा.

थोड्या वेळाने ते खुर्चीतून उठले. "या जोत्यावर नाही निघायचं," म्हणाले. "इथली माती मीच उपसली. टोपल्यांनी वाहून नव्या घराच्या जोत्यात भरली. नाना सुट्टीला यायचा ते घर. तिथं फिरव."

नवे घर म्हणजे भूकंपानंतर त्याच दगडमातीतून उभे केलेले. त्याच्या जमिनीला पूर्वी शेण सारवत. पुढे तेथे जाळी टाकून सिमेंटचा कोबा केला. नाना गावी आले की माजघरात अंथरूण टाकत. आम्ही यंत्र आत नेले, चालू केले, आणि ते किंचाळू लागले. उंबऱ्यापासून परसदारापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकही जागा गप्प नव्हती.

काकांचा चेहरा उजळला. "वाजतंय की रे!"

बेलच्या यंत्राखालच्या लोखंडी स्प्रिंगा आम्हांला आठवल्या. गप्प राहणे सोपे होते. दारात उभ्या असलेल्या माणसांनीही तो आवाज ऐकला होता, आणि एक क्षणभर सर्व गावाला काकांचे निर्दोषत्व ऐकू आले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"काका, ही कोब्यातली लोखंडाची जाळी आहे. ती सगळीकडं अशीच वाजणार."

ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. "आणि जाळीखाली काय आहे?" त्यांनी विचारले. "ते तुझ्या यंत्राला कळतं का?"

"नाही, काका."

"मग झालं तर," म्हणाले, आणि सूनबाईला चहा ठेवायला सांगितला. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडे जेवलो. काका आमच्या पंगतीला बसले.

त्यानंतर दर फोनला कोब्याचा विषय निघतो. उखडायचा तर माजघराची सारी जमीन जाणार. माती चाळायला माणसे लावावी लागणार. खर्च पाटल्यांच्या किमतीच्या आसपास जाईल. काहीच निघाले नाही तर काय, हा प्रश्न आम्ही त्यांना एकदा विचारला. ते म्हणाले, "निदान चाळून तर होईल." गेल्या दसऱ्याला आम्ही फोनवर एकमेकांना सोने दिले, आपट्याच्या पानांवाचून, नुसत्या शब्दांनी, आणि त्याच फोनवर आम्ही हो म्हटले. काकांनी गवंड्याशी बोलून ठेवले आहे. उन्हाळ्यात, पावसाच्या आत, काम धरायचे आहे. आम्ही पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. या वेळी यंत्र भाड्याने घ्यायचे नाही असे ठरले आहे; चाळण्या मात्र दोन सांगितल्या आहेत, एक जाड आणि एक बारीक.